‘का?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं

सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात ऑक्टोबर २००९ मध्ये न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी समोरच्या वकिलाला एक साधा प्रश्न विचारला. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करू दिलं, तर स्त्री-पुरुषांच्या लग्नांचं नेमकं काय बिघडतं? वकील चार्ल्स कूपर काही नवशिके नव्हते. रेगन यांच्या काळात न्याय खात्यात वरच्या हुद्द्यावर काम केलेला हा माणूस. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ च्या नोव्हेंबरात ५२ टक्क्यांनी मंजूर केलेल्या समलिंगी विवाहबंदीच्या, म्हणजे ‘प्रपोझिशन ८’च्या बाजूने ते उभे होते. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी उत्तर दिलं, मला माहीत नाही.

कूपर यांच्यावर अन्याय नको. त्यांचं म्हणणं असं होतं की एवढ्या जुन्या संस्थेत फेरफार केला तर पुढे काय होईल हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि अशा वेळी लोकांनी जरा सबुरीने घ्यायचं ठरवलं तर त्यात गैर काय? हा युक्तिवाद टाकाऊ नाही. घरातली जाणती माणसंही असंच बोलतात. फक्त सबुरीचा सल्ला देणारा आणि सबुरीने राहणारा एकच असावा लागतो. इथे सल्ला एकाचा होता आणि थांबायचं दुसऱ्याने होतं, तेही किती वर्षं ते न सांगता.

अमेरिकेतल्या राज्यांच्या विवाहबंद्या कोर्टात कशा पडल्या, ही गोष्ट आपल्याकडे दोनच सुरांत सांगितली जाते. एक सूर प्रेमाच्या विजयाचा, दुसरा न्यायाधीशांच्या मनमानीचा. दुसऱ्या सुराला अमेरिकेतही मोठा आधार आहे. २६ जून २०१५ रोजी ‘ओबर्गेफेल’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी देशभरातल्या या बंद्या उठवल्या, तेव्हा सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी विरोधी मतपत्रात लिहिलं की हवा तर आनंद साजरा करा, पण राज्यघटनेचा जयजयकार करू नका, तिचा याच्याशी काही संबंध नाही. लोक चर्चा करत होते, मतं बदलत होती, आणि पाच वकिलांनी (म्हणजे बहुमतातल्या पाच न्यायमूर्तींनी) मध्येच येऊन ती चर्चा बंद पाडली, असा त्यांचा आक्षेप.

मला हा आक्षेप इतकी वर्षं छळतो, कारण ऐकताक्षणी तो पटतो. नीट पाहिलं की मात्र लक्षात येतं, चर्चेचं दार न्यायाधीश येण्याच्या बऱ्याच आधी बंद झालं होतं. त्याला कुलूप बंदीवाल्यांनीच लावलं होतं, आणि त्या कुलपातच ते पुढे अडकले.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १८ मे १९७० रोजी मिनियापोलिसमध्ये जॅक बेकर आणि मायकेल मॅकॉनेल हे दोघे विवाह परवाना मागायला काउंटीच्या कचेरीत गेले. दोन पुरुषांनी लग्न करू नये, असं मिनेसोटाच्या कायद्यात तेव्हा कुठेही स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. तरी परवाना मिळाला नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये शब्दकोश उघडला, बायबलमधल्या ‘उत्पत्ती’इतकी ही संस्था जुनी आहे असं सांगितलं आणि याचिका फेटाळली. अपील वॉशिंग्टनला गेलं. १९७२ च्या ऑक्टोबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते एका ओळीत निकालात काढलं, यात केंद्रीय कायद्याचा दखल घेण्याजोगा प्रश्नच नाही. ना कारण, ना चर्चा. ही एक ओळ पुढची चाळीस वर्षं प्रत्येक खटल्याच्या वाटेत धोंड्यासारखी पडून राहिली. (हे जोडपं मात्र भलतंच चिवट. त्यांनी मॅंकॅटो या दुसऱ्या गावातून परवाना मिळवून १९७१ च्या सप्टेंबरात लग्न उरकून टाकलं होतं. ते लग्न वैध होतं असं मिनेसोटाच्या एका न्यायाधीशाने २०१८ मध्ये ठरवलं.)

बंदी लिहिलेली नव्हती तेव्हा कारण देण्याची गरजच पडली नाही. ‘लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे’ एवढं पुरलं.

नव्वदच्या दशकात हवाईमध्ये हे बिनसलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं की हा उघडउघड लिंगभेद दिसतो, तो ठेवायचा असेल तर राज्याने सबळ कारण सिद्ध करून दाखवावं. खालच्या कोर्टात सुनावणी झाली आणि १९९६ च्या डिसेंबरात राज्य हरलं. पण त्याआधीच, त्याच वर्षी सप्टेंबरात, बिल क्लिंटन यांनी ‘डोमा’ नावाच्या केंद्रीय कायद्यावर सही केली होती. एका राज्यातलं समलिंगी लग्न दुसऱ्याने मानायची गरज नाही आणि केंद्र सरकार तर मुळीच मानणार नाही, असा तो कायदा. सिनेटमध्ये तो ८५ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला. गंमत अशी की अख्ख्या अमेरिकेत तेव्हा असं एकही लग्न कायदेशीररीत्या होत नव्हतं. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. हवाईच्या मतदारांनी १९९८ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून (अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते) कोर्टाच्या निकालातली हवाच काढून घेतली.

आणि इथून बंदीवाल्यांना मार्ग सापडला. कायदा केला तर राज्याचंच न्यायालय राज्याच्याच घटनेचा दाखला देऊन तो रद्द करू शकतं. मग बंदी थेट घटनेत घातली तर? मॅसेच्युसेट्सच्या न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये ‘गुडरिज’ खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि १७ मे २००४ पासून तिथे लग्नं लागू लागली, तेव्हा या युक्तीला जोर चढला. २ नोव्हेंबर २००४ या एकाच दिवशी, अध्यक्षीय निवडणुकीच्या मतपत्रिकेवरच, अकरा राज्यांनी अशा दुरुस्त्या मंजूर केल्या. मिसिसिपीत ८६ टक्के मतं बाजूने पडली. ओहायोत ६२ टक्क्यांच्या आसपास. मे २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने शेवटची भर घातली, तोवर तीसेक राज्यांच्या घटनांमध्ये ही बंदी जाऊन बसली होती.

आता ‘लोकांना ठरवू द्या’ या म्हणण्याकडे पुन्हा पाहा. साधा कायदा असता तर पुढच्या निवडणुकीत निवडून आलेलं विधिमंडळ तो साध्या बहुमताने बदलू शकलं असतं. घटनेत बंदी घालण्याचा हेतूच मुळी हा होता की पुढच्या विधिमंडळाला ते जमू नये. २००४ च्या ओहायोने २०१४ च्या ओहायोचे हात बांधले. दहा वर्षांत मतं बदलली असतील, तर बदललेल्यांनी लाखो सह्या गोळा कराव्यात, राज्यभर प्रचार करावा, पुन्हा सार्वमत घ्यावं, आणि हे सगळं कुणासाठी, तर लोकसंख्येत मूठभर असलेल्या माणसांच्या लग्नासाठी. बहुसंख्याकांना आपल्या लग्नासाठी कधी सह्या गोळा कराव्या लागल्या?

दुसरी गोष्ट बंदीवाल्यांच्या बहुधा ध्यानातच आली नाही. राज्यांच्या न्यायालयांची दारं बंद केल्यावर एकच दार उरलं. ते म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेची १८६८ ची चौदावी दुरुस्ती, कायद्याचं समान संरक्षण देणारी. राज्याच्या घटनेवरचा निकाल त्या राज्यापुरता राहतो. चौदाव्या दुरुस्तीवरचा शेवटचा निकाल पन्नासही राज्यांना लागू होतो. राज्याराज्यांतून सावकाश चाललेली लढाई एका मोठ्या निकालाकडे ढकलली ती या दुरुस्त्यांनी. उद्या कुणी म्हणालं की एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल एका फटक्यात लागायला नको होता, तर मी म्हणेन, तक्रार योग्य आहे, पण पत्ता चुकलाय.

कोर्टात गेलं की सगळं सुतासारखं सरळ होतं, असं मात्र नाही. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सातही न्यायाधीशांच्या एकमताने बंदी रद्द केली. तिथे न्यायाधीशांना ठराविक काळाने मतदारांकडून ‘राहू द्या’ असा कौल घ्यावा लागतो. २०१० च्या नोव्हेंबरात सातपैकी ज्या तिघांची पाळी होती, त्या तिघांनाही मतदारांनी घरी पाठवलं. आधी कुणाला असं घालवलेलं नव्हतं. म्हणून या चळवळीतल्या मुरलेल्या वकिलांचा हिशेब वेगळा होता. गुडरिज जिंकणाऱ्या मेरी बोनॉटो यांनी खटल्यांसाठी राज्यं निवडली तीच मुळी घटना बदलायला वेळ लागतो अशी. व्हरमाँटमध्ये घटनादुरुस्तीचा प्रस्ताव चार वर्षांतून एकदाच मांडता येतो. मॅसेच्युसेट्समध्ये तो लागोपाठच्या दोन विधिमंडळांतून पार व्हावा लागतो. निकाल लागल्यावर तीन-चार वर्षं मिळाली की लोकांना शेजारच्या घरातलं लग्न दिसतं, आभाळ कोसळत नाही हेही दिसतं. मॅसेच्युसेट्समध्ये तसंच झालं. जून २००७ मध्ये बंदीच्या प्रस्तावाला दोनशे जणांच्या सभागृहात पन्नास मतंही मिळाली नाहीत, तिथेच तो संपला.

याच हिशेबापायी प्रपोझिशन ८ विरुद्धच्या खटल्याला सुरुवातीला समलिंगी हक्कांच्या संघटनांनीच नाकं मुरडली. टेड ऑल्सन आणि डेव्हिड बॉइस हे दोन बडे वकील त्यात एकत्र आले होते. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या बुश विरुद्ध गोर खटल्यात ते एकमेकांसमोर उभे होते, एवढं सांगितलं तरी ही जोडी किती विजोड ते कळेल. संघटनांना भीती ही की घाई झाली, तर १९७२ च्या त्या एका ओळीसारखी आणखी एक धोंड वाटेत येऊन बसेल. पण वॉकर यांनी कागदपत्रांवर निकाल न देता जानेवारी २०१० मध्ये साक्षीपुरावे घेतले. बंदीच्या बाजूने दोनच तज्ज्ञ साक्षीला उभे राहिले. त्यातले डेव्हिड ब्लँकनहॉर्न यांनी उलटतपासणीत कबूल केलं की समलिंगी विवाहाला परवानगी दिली त्या दिवशी आपण आदल्या दिवसापेक्षा अधिक अमेरिकन असू. दोन वर्षांनी तर त्यांनी आपलं मतच बदलल्याचं जाहीर केलं. शेवटच्या युक्तिवादात वॉकर यांनी पुरावा कुठे आहे असं विचारलं, तेव्हा कूपर म्हणाले की या मुद्द्याला पुराव्याची गरज नाही. टीव्हीवरच्या चर्चेत हे खपतं, साक्षीच्या पिंजऱ्यासमोर नाही. बंदी ४ ऑगस्ट २०१० रोजी रद्द झाली.

खरा पूर आला तो २०१३ नंतर. एडिथ विंडसर आणि थेया स्पायर या दोघी न्यूयॉर्कमध्ये चाळीसहून अधिक वर्षं एकत्र राहिल्या. २००७ मध्ये त्यांनी टोरांटोला जाऊन लग्न केलं. २००९ मध्ये थेया गेली आणि केंद्र सरकारने एडिथच्या हातात ३,६३,०५३ डॉलरच्या वारसा कराचं बिल ठेवलं. नवरा गेला असता तर हा कर शून्य. केंद्र सरकार अशी लग्नं मानणार नाही असं सांगणारं डोमाचं कलम सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ रोजी रद्द केलं. आपल्या ओळखीतल्या लोकांपर्यंत याची झळ, खरं तर ऊब, पोचली ती व्हिसाच्या रूपाने. न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात नोकरी करणाऱ्या मराठी मुलाला एच-४ (जोडीदाराला मिळणारा व्हिसा) म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. विंडसरनंतर काही दिवसांतच केंद्र सरकारने जाहीर केलं की व्हिसा-ग्रीनकार्डासाठी समलिंगी जोडीदार इतरांसारखाच धरला जाईल. लग्न जिथे झालं तिथे वैध असलं की पुरे. मग जवळजवळ दोन वर्षं अशी विचित्र अवस्था होती की टेक्सासात राहणारं जोडपं व्हिसावर नवरा-नवरा होतं आणि टेक्सासच्या दप्तरी परकं.

विंडसरच्या निकालाशी असहमत असलेले न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी रागारागात लिहिलं होतं की आजच्या बहुमताचे शब्द जरा इकडचे तिकडे केले की उद्या राज्यांच्या बंद्याही जातील. नुसतं म्हणून ते थांबले नाहीत, शब्द कसे बदलायचे तेही त्यांनी खोडाखोड करून दाखवलं. सहा महिन्यांनी, २० डिसेंबर २०१३ रोजी, युटाच्या जिल्हा न्यायाधीशांनी नेमकं स्कॅलिया यांचंच म्हणणं मान्य करून युटाची बंदी उडवली. नाताळच्या तोंडावर सॉल्ट लेक सिटीत परवान्यांसाठी रांगा लागल्या. ६ जानेवारीला स्थगिती येईपर्यंतच्या सतरा दिवसांत हजारावर जोडप्यांची लग्नं झाली. मोठ्या धर्मनिष्ठ मॉर्मन राज्यात, हे विसरू नये.

मग राज्यांची कारणं एकेक करून तपासली गेली, आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत वाचनीय वाटतो तो हाच भाग. मुख्य कारण दिलं गेलं ते मुलांचं. स्त्री-पुरुषांच्या संबंधांतून मुलं होतात, कधी ठरवून तर कधी न ठरवता. त्या मुलांना आईबाप दोघे मिळावेत म्हणून राज्य लग्नाला उत्तेजन देतं. समलिंगी जोडप्यांना अपघाताने मुलं होत नाहीत, म्हणून त्यांना लग्नाची गरज नाही. शिकागोच्या अपील न्यायालयात रिचर्ड पॉस्नर यांच्यासमोर इंडियाना आणि विस्कॉन्सिनने ऑगस्ट २०१४ मध्ये हे मांडलं. पॉस्नर हेही रेगन यांनीच नेमलेले, बाजारपेठीय अर्थशास्त्र कायद्यात आणणारे, भावुकतेशी फारकत असलेले. त्यांनी इंडियानाच्याच कायद्यातली एक तरतूद काढली. तिथे सख्ख्या चुलत-मावस भावंडांना लग्नाची मनाई आहे, पण दोघांनीही पासष्टी ओलांडली असेल तर परवानगी आहे. म्हणजे मूल होणार नाही याची खात्री झाली की राज्य म्हणतं, करा खुशाल लग्न! मग लग्न मुलांसाठीच असतं हे कारण कुठे राहिलं?

ओहायोतही भावंडांचाच मुद्दा निघाला होता. ओहायोत सख्ख्या चुलत-मामे भावंडांचं लग्न लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात ते लागलं असेल तर ओहायो मुकाट्याने मानतं. मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणाऱ्या आपल्या कित्येक घरांना यात काय एवढं, असं वाटेल. पण न्यायाधीश टिमोथी ब्लॅक यांनी हाच धागा पकडला. बाहेर लागलेली, आपल्याकडे न चालणारी लग्नं तुम्ही आजवर मानत आलात, मग याच लग्नांना वेगळा नियम का?

मिशिगनची गोष्ट तर मुलांचं कारण पुढे करणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. एप्रिल डीबोर आणि जेन राउझ या दोघी परिचारिका. जन्मदात्यांनी टाकलेली, जास्त काळजी लागणारी मुलं त्यांनी दत्तक घेतली. मिशिगनच्या कायद्याने दत्तक घेता येतं ते एकट्या व्यक्तीला किंवा विवाहित जोडप्याला. त्यामुळे एकाच घरातली, एकाच ताटात जेवणारी मुलं कागदोपत्री काही एकीची, काही दुसरीची. एकीला उद्या काही झालं तर तिच्या नावावरच्या मुलांची दुसरी कायद्याने कुणीच नाही. त्या कोर्टात गेल्या होत्या दत्तकाच्या नियमाविरुद्ध. न्यायाधीश बर्नार्ड फ्रीडमन यांनीच सुचवलं की अडचणीचं मूळ विवाहबंदीत आहे, तिलाच आव्हान द्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण सुनावणी झाली. समलिंगी पालकांच्या मुलांचं नुकसान होतं असा अभ्यास मांडणारे टेक्सासचे समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस राज्याच्या बाजूने साक्षीला आले. त्यांच्याच विद्यापीठातल्या विभागाने त्या निष्कर्षांपासून हात झटकले, आणि फ्रीडमन यांनी निकालात लिहिलं की ही साक्ष अजिबात विश्वासार्ह नाही, गंभीरपणे घ्यावी अशीही नाही. मुलांच्या भल्यासाठी म्हणून केलेला कायदा त्या घरातल्या मुलांनाच निराधार करत होता, हे पाहायला खरं तर समाजशास्त्रज्ञही लागत नव्हता.

बंदीच्या बाजूने झालेलं सर्वांत चांगलं लिखाण सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाचे जेफ्री सटन यांचं. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांनी दोन विरुद्ध एक मताने मिशिगन, ओहायो, केंटकी आणि टेनेसी या चारही राज्यांच्या बंद्या उचलून धरल्या. १९७२ ची ती एक ओळ आमच्यावर बंधनकारक आहे, असं सांगितलं. पण त्यांचा खरा मुद्दा पुढचा होता. कोर्टात वादी-प्रतिवादी म्हणून भेटण्यापेक्षा नागरिक म्हणून एकमेकांना पटवून जिंकलेला हक्क जास्त टिकाऊ असतो. हे वाचून मी थबकलो होतो. २०१२ च्या नोव्हेंबरात मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन राज्यांत मतदारांनी स्वतःहून समलिंगी विवाहाला कौल दिला होता. म्हणजे मन वळवून जिंकता येतं हे दिसलं होतं.

पण सटन यांच्या चारही राज्यांत बंदी घटनेत होती. आणि ‘थांबा’ म्हणताना किती जणांकडे थांबायला वेळ असतो? जॉन आर्थर यांना एएलएस झाला होता, स्नायू एकेक करून निकामी करणारा आजार. सिनसिनाटीच्या घरात ते अंथरुणाला खिळले होते. नातेवाइकांनी आणि मित्रांनी पैसे जमवून वैद्यकीय सोयीचं छोटं विमान केलं. ११ जुलै २०१३ रोजी जिम ओबर्गेफेल आणि जॉन मेरीलँडला गेले, बाल्टिमोरच्या विमानतळावर उभ्या विमानातच लग्न झालं, आणि ते घरी परतले. काही दिवसांनी वकील अल गेरहार्डस्टीन यांनी त्यांना ओहायोच्या मृत्युदाखल्याचा कोरा नमुना दाखवला. वैवाहिक स्थिती, हयात जोडीदाराचं नाव. जॉन गेल्यावर या रकान्यांत ‘अविवाहित’ लिहिलं जाणार आणि जिमचं नाव येणार नाही, याची तोवर त्यांनी कल्पनाच केली नव्हती. जॉन २२ ऑक्टोबर २०१३ रोजी गेले. आपल्याकडे तलाठी कचेरीत वारसनोंदीसाठी खेटे घातलेल्या कुणालाही एका रकान्याची ताकद ठाऊक असते. पाच विरुद्ध चार मतांचा तो सगळा प्रचंड निकाल उभा आहे तो या रकान्यावर.

निकाल बरोबर होता. निकालपत्र मात्र मला तितकंसं भावलेलं नाही. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी प्रतिष्ठा, एकटेपणा, विवाहाची थोरवी यांवर भरभरून लिहिलं. लग्नसमारंभांत आजही त्यातले उतारे वाचले जातात. पण खालच्या कोर्टांनी दीड-दोन वर्षं जे काम केलं, राज्यांची कारणं एकेक उचलून पाहिली आणि पोकळ ठरवली, ते केनेडींच्या लिखाणात मागे पडलं. समानतेच्या काटेकोर कसोटीऐवजी त्यांनी विवाहाच्या मूलभूत हक्कावर भर दिला. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेणारा ‘डॉब्स’ निकाल आला, तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळं मत लिहून सुचवलं की घटनेत शब्दशः न लिहिलेल्या हक्कांच्या याच तत्त्वावर उभा असलेला ओबर्गेफेलही पुन्हा तपासावा. त्यांनी दिलेल्या यादीत १९६७ चा ‘लव्हिंग’ खटला नव्हता, आंतरवंशीय विवाहबंदी उठवणारा. थॉमस यांचा स्वतःचा विवाह आंतरवंशीय आहे.

लव्हिंगची आठवण निघालीच आहे तर घाईच्या आरोपाचंही एकदा पाहून घेऊ. लव्हिंगच्या निकालानंतरच्या वर्षी, १९६८ मध्ये, गॅलपच्या पाहणीत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला पसंती देणारे अमेरिकन होते २० टक्के. ओबर्गेफेलच्या वर्षी समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे होते ६० टक्के. लोकांच्या पुढे धावलेला निकाल कुठला, हे आकडेच सांगतात. आणि लव्हिंग चुकीचा होता असं म्हणणारा आज अमेरिकेत कुठलाच जबाबदार माणूस सापडत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयात २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस विवाहहक्काची सुनावणी चालली, तेव्हा याचिकाकर्त्यांनी ओबर्गेफेलचे दाखले दिले. ते चालले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘सुप्रियो’ खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. किमान नागरी नात्याला तरी मान्यता द्यावी, असं म्हणणारे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल दोघेच उरले. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. अनेकांना वाटलं, आपले न्यायाधीश कचरले. मला वाटतं घोडं दुसरीकडे पेंड खात होतं. आपल्याकडे बंदी लिहिलेलीच नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं चौथं कलम सुरू होतं ते ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’पासून, आणि मग वयाच्या अटीत पुरुष एकवीस, स्त्री अठरा असं येतं. आडवी येते ती अशी स्त्री-पुरुष गृहीत धरणारी भाषा. ओहायोच्या घटनेतलं बंदीचं वाक्य न्यायालयाला खोडता आलं. इथे खोडायला वाक्य नाही, नवं लिहावं लागतं, आणि लिहिणं संसदेचं काम, असं न्यायालय म्हणालं. मिनेसोटाचं १९७१ साल आठवावं, इतकं साम्य आहे. केंद्र सरकारने आपल्या बाजूने या मागणीला ‘शहरी उच्चभ्रूंचं मत’ म्हटलं होतं. त्यावर साक्षीपुरावा झाला असता, कुणा तज्ज्ञाची उलटतपासणी झाली असती, तर काय निघालं असतं कोण जाणे. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने एक खुलासा काढला की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला कोणतीही बंदी नाही. बंदी नव्हतीच, हे सांगायलाही खुलासा लागला.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने विवाह सन्मान कायदा केला. डोमा त्याने पुसला. उद्या ओबर्गेफेल फिरवला गेला, तरी एका राज्यात झालेलं लग्न दुसऱ्याला मानावंच लागेल. पण परवाना देण्याची सक्ती हा कायदा करत नाही. सिनसिनाटीच्या जोडप्याला पुन्हा विमान करून मेरीलँड गाठावं लागेल, एवढाच त्याचा अर्थ. समलिंगी जोडप्यांना परवाने नाकारून २०१५ मध्ये तुरुंगात जाऊन आलेल्या केंटकीच्या काउंटी क्लार्क किम डेव्हिस यांनी ओबर्गेफेल फिरवा अशी मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नोव्हेंबर २०२५ मध्ये ऐकायलाच नकार दिला. तूर्त इतकं.

नेवाडाने २०२० मध्ये, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाईने २०२४ मध्ये आपापल्या घटनेतले ते शब्द सार्वमताने काढून टाकले. ओहायो, मिशिगन, टेक्सास, मिसिसिपी आणि आणखी कितीतरी राज्यांत ते अजून छापलेले आहेत. मेलेलं कलम आहे, राहीना का पुस्तकात, असं बरेच जण म्हणतात. लव्हिंगनंतर अलाबामाच्या घटनेतही गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला मनाई करणारं वाक्य असंच पडून होतं. ते काढायचं की नाही यावर मतदान झालं २००० सालच्या नोव्हेंबरात, निकालानंतर तेहतीस वर्षांनी. वाक्य निघालं. राहू द्या म्हणून मत देणारे ४० टक्क्यांच्या आसपास होते.